बागवान मॅडमचे खिळे

लोखंडी खिळे एकेक करून, चष्मा कपाळावर चढवून, उजेडाकडे धरून निवडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. हार्डवेअरच्या दुकानदारानं पहिल्या वर्षी कपाळाला हात लावला, दुसऱ्या वर्षी चहा मागवला आणि तिसऱ्या वर्षापासून त्यांच्यासाठी एक स्टूलच ठेवलं. दोन डझन खिळ्यांना अर्धा तास लागायचा. एकदा न राहवून तो म्हणाला, "मॅडम, भिंतीत ठोकायचे खिळे हे. भिंत काय बघायलीय का, कुठला गंजलाय आन् कुठला न्हाई?"

"भिंतीत नाही रे बाबा, बाटलीत घालायचेत," बागवान मॅडम म्हणाल्या.

शिकलेल्या माणसांचं असं काहीतरी असायचंच, अशा चेहऱ्यानं त्यानं पुडी बांधून दिली.

प्राध्यापिका नसीमा बागवान आमच्या सोलापूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या वडिलांची केळीची वखार होती. सगळं बालपण पिकायला घातलेल्या केळ्यांच्या वासात गेलं, त्यामुळे नाक असं तयार झालेलं की बंद डब्यातली पोळी आजची की कालची हे त्या डबा न उघडता सांगायच्या. स्टाफरूममध्ये लोक त्यांच्यापासून दोन खुर्च्या लांब बसून जेवायचे. आपली बायको कालची भाजी देते हे जगजाहीर व्हायला कुणाला आवडेल?

मी टेंभुर्णीहून पहिल्यांदा रुजू व्हायला आलो, तेव्हा त्यांनी माझं पत्र वाचलं नाही. हातात एक बाटली दिली आणि म्हणाल्या, "वास घे." मी घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"काय वाटायलंय?"

"नासलेलं अंडं, मॅडम."

"बरोबर. पण अंडं नाही यात. लाखो जीव आहेत, जेवायलेत बिचारे. मार्क सगळ्यांनाच पडतात वाघमारे, नाक कुणाला असतंय? उद्यापासून ये."

म्हणजे नेमणूक मला आयोगानं दिली असली तरी खरी नोकरी या बाईनं दिली, असं मी आजही समजतो.

त्यांचं राज्य म्हणजे खोली नंबर एकवीस. जिन्याखालची, एका खिडकीची. मॅडमनी वीस वर्षं भांडून, मागून, मोडक्या सामानातून उचलून ती उभी केली होती. हवा लागली की मरतात किंवा रुसून बसतात, असे जीव त्या तिथे वाढवायच्या. बाटली गळ्यापर्यंत भरायची, हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, वर रबरी बूच, आणि आत एक खिळा. चार-सहा दिवसांनी खिळा काळाकुट्ट झाला की समजायचं, आत सडक्या अंड्याचा वायू तयार झाला. म्हणजे तो करणारे जीव जिंकले. खिळा पांढरा राहिला तर ते हरले. मॅडमच्या बोटातली चांदीची अंगठीसुद्धा त्या वायूनं कायम काळी असायची. लग्नाकार्यात नातेवाईक चिडवायचे, आई म्हणायची, "चांदी है की लोहा है गे?" मॅडम अंगठी पुढे करून सांगायच्या, "हे माझं मीटर आहे अम्मी. चकचकीत झाली तर समज, मी काम सोडलं."

हे जीव तेलाच्या विहिरींतले. सोलापुरात तेल म्हटलं की करडई, फार तर शेंगदाणा. जमिनीतल्या तेलाशी आमचा संबंध पेट्रोल पंपापुरता. पण मॅडमना तरुणपणी गुजरातेतल्या एका जुन्या विहिरीचं पाणी कुणीतरी बाटलीतून आणून दिलं होतं, आणि त्या वासाच्या त्या प्रेमातच पडल्या. तेल वर यावं म्हणून विहिरीत पाणी ढकलतात. त्या पाण्याबरोबर सल्फेट जातं, त्याच्यावर जगणारे जीव माजतात, वायू सोडतात. तो विषारी, शिवाय पाइप खातो. कंपन्या मग त्यांना मारायला औषधं ओततात. काही मरतात, उरलेले पुन्हा वाढतात.

"मारायचं कशाला?" मॅडम दरवर्षी वर्गात विचारायच्या, आणि पाटी-खडू सोडून वडिलांच्या वखारीत शिरायच्या. "माझ्या अब्बांच्या दारात केळीचा एकच ढीग, आणि टपलेले दोघं. एक ढकलगाडीवाला, एक टेम्पोवाला. टेम्पोवाला एका खेपेत सगळा माल उचलतो. मग ढकलगाडीवाल्याला काय उरलं? सालं! त्याला कुणी मारलं का? हात तरी लावला का? तसंच जमिनीखाली. माल तोच, दोघंही तेलाच्या पाण्यातली आम्लंच खातात. ढकलगाडीवाला सल्फेटवर चालतो. दुसरा नायट्रेटवर चालतो, त्याचा जोर जास्त. तोही तिथंच बसलाय हो! टेम्पो हाय, डिझेल न्हाई. आपण काय करायचं?"

"डिझेल द्यायचं!" सगळा वर्ग ओरडायचा.

"हौ! नायट्रेट द्यायचं. सोऱ्याच्या जातीचं साधं मीठ. वाईटाला मारत बसू नका, दुसऱ्याचं पोट आधी भरा."

शेवटचं वाक्य त्या कॉलेजच्या राजकारणालाही लावायच्या. तिथं मात्र ते फारसं चाललं नाही.

खोली एकवीसचा कायदा एकच होता आणि तो दारावर ठळक लिहिलेला होता: *वास थांबला की पळा.* नवीन मुलं हसायची. वास आला की पळा असं पाहिजे, मॅडमनी उलटं लिहिलंय म्हणायची. एके वर्षी प्रॅक्टिकलच्या वेळी मोठी काचेची बरणी टेबलावरून निसटली आणि फुटली. अशी घाण सुटली की वरच्या मजल्यावरचा इतिहासाचा तास थांबला. मॅडम खिडकीकडे धावल्या, शिवाप्पा पंखा लावायला. शिवाप्पा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर, अक्कलकोटकडचे, निम्मे कानडी. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, गेला वास. आता येईना झालाय."

त्या दिवशी मी मॅडमना पहिल्यांदा किंचाळताना ऐकलं. "बाहेर! सगळे बाहेर! दप्तरं राहू देत!" त्यांनी त्या मुलीला दंडाला धरून ओढत मैदानापर्यंत नेलं. लिंबाखाली बसवून तिला पाणी पाजलं आणि मग समजावलं. हा वायू थोडा असतो तोवर नाकाला कळतो. जास्त झाला की आधी नाकच मारतो. माणसाला वाटतं, हवा स्वच्छ झाली, आणि तो तिथंच बसून राहतो. "वास येतोय तोवर जीव जागेवर आहे बाळा," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या पाटीला कुणी हसलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मॅडमच्या निवृत्तीला तीन महिने उरले, तेव्हा प्राचार्यांनी सांगून टाकलं की खोली एकवीस संगणक विभागाला जाणार. प्राचार्य वाईट माणूस नव्हता. त्याला तिथं सतरा संगणक बसताना दिसत होते, आणि आम्हाला फक्त वास दिसत होता. "मॅडम, तुमच्यानंतर हे कोण करणार?" त्यानं विचारलं. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. त्याचंही बरोबरच होतं.

नेमकं तेव्हाच गुजरातेत जुन्या विहिरी चालवणाऱ्या एका कंपनीनं मॅडमचं पत्र मनावर घेतलं. पाण्याचे कॅन पाठवले, आणि पाठोपाठ दातार नावाचे साहेब स्वतः आले. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, नाकाला रुमाल. मॅडमनी केळीची वखार सांगितली, जुन्या बाटल्या दाखवल्या. दातारांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. ज्या बाटलीत नायट्रेट टाकलंय ती तुम्हाला माहीत असते. वीस वर्षं तुम्हाला तेच दिसावंसं वाटतंय. हा गुण नायट्रेटचा की तुमच्या हाताचा, हे मी वर काय सांगू?"

मॅडमनी अंगठी फिरवली आणि म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी या. तुमच्याच विहिरीचं पाणी, तुमच्याच डोळ्यांनी बघा." दातार जाताना प्राचार्यांकडे बोलले की निकाल पटला तर खऱ्या विहिरीवर चाचणी करू आणि पुढचं काम याच प्रयोगशाळेला देऊ. प्राचार्यांनी संगणक तीन आठवडे पुढे ढकलले. सगळं त्या बाटल्यांवर येऊन थांबलं.

चोवीस बाटल्या. बारांत नायट्रेट, बारांत नाही. बाकी सगळं सारखं. मॅडमनी खिळे निवडले, पॉलिश पेपरनं स्वतः घासले. बाटल्यांतलं खारं पाणी तयार करायचं काम माझ्याकडे होतं.

एप्रिल महिना. ज्याला सोलापूर ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. आमच्याकडे दोन माणसं भेटली की "बरं हाय का?" नंतर "पाणी कधी आलं?" विचारतात. नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही वेळेवर आलं तर. आमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र एक लिटर देण्यासाठी दहा लिटर थंड पाणी पिऊन टाकायचं, ते महाराज नळ आल्याशिवाय चालत नसत. त्या आठवड्यात पाइप फुटला आणि पाचवा दिवस आठवा झाला. डबे रिकामे. मी मनाशी म्हटलं, आपण यात एवढं मीठ घालणारच आहोत, साध्या पाण्यानं काय बिघडतंय? कॉलेजच्या मागच्या बोअरचं पाणी भरून आणलं. निवळशंख दिसत होतं. त्यात क्षार कालवले, दातारांच्या कॅनमधलं विहिरीचं थोडं पाणी घातलं आणि बाटल्या भरल्या. कुणाला बोललो नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

इनक्युबेटर लावलाच नाही. एप्रिलात आमची खोलीच इनक्युबेटर असते.

आठव्या दिवशी मॅडमनी कपाट उघडलं. नायट्रेटच्या बाराही बाटल्यांत खिळे पांढरे. मॅडम खुलल्या. मग दुसरी रांग बाहेर काढली, ज्यात नायट्रेट नव्हतं, जिथं बाराच्या बारा खिळे कोळशासारखे व्हायला हवे होते. तेही पांढरे.

चोवीस पांढरे खिळे. म्हणजे नायट्रेट घाला नाहीतर घालू नका, फरक शून्य. म्हणजे वीस वर्षं शून्य. मॅडम स्टुलावर बसल्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या हळू म्हणाल्या, "दातार खरं बोलला असेल का रे? माझ्याच डोळ्यांनी मला फसवलं असेल का?"

आणि मला बोअर आठवला. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, हा विचार माझ्या मनात आला होता, हे इथं लिहून टाकतो. पण त्या स्टुलावरच्या बाईकडे बघून गप्प बसवेना. "मॅडम, पाणी बोअरचं घातलंय. शुद्ध नव्हतं, म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा टेंभुर्णीचा पोरगा झालो. "गाढवा! अक्कल कुठं गहाण टाकलीस? वीस वर्षांत शिवाप्पानं सुद्धा असं केलं नाही!"

"न्हाई री मॅडम, म्या कदीच न्हाई," शिवाप्पांनी दारातून लगेच दुजोरा दिला. मग थांबून म्हणाले, "आन् त्यो बोअर तर होस्टेलच्या सेफ्टी टाकीला चिकटूनच हाय की. तितलं पाणी आमी फरशीलाबी वापरीत न्हाई."

मॅडमचा उगारलेला हात हवेतच राहिला. "काय म्हणालास? टाकीला चिकटून?" आणि दुसऱ्याच क्षणी त्या कपाटातल्या पट्ट्या शोधू लागल्या. पाण्यात नायट्रेट असेल तर गुलाबी होणारी कागदाची पट्टी. शिवाप्पांनी बोअरचं पाणी ग्लासात आणलं. पट्टी बुडवली. आम्ही तिघं डोकी जवळ आणून बघत राहिलो. पट्टी गुलाबी झाली, मग गडद गुलाबी, मग लग्नातल्या फेट्यासारखी झाली.

दोनशे पोरांच्या होस्टेलची टाकी वर्षानुवर्षं जमिनीत झिरपत होती, आणि त्या घाणीचं मातीत नायट्रेट होऊन ते आमच्या बोअरला उतरत होतं. आम्ही ज्या बारांत नायट्रेट नाही समजत होतो, त्यांतही ते होतंच. मी घातलं होतं. स्वतःला ठाऊक नसताना.

मॅडम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अरे गाढवा, तू दातारचं तोंडच बंद केलंस की! तो म्हणाला, तुमच्या हाताचा गुण. हात कुणाचा? ज्यानं टाकलं त्यालाच पत्ता नाही, मला नाही, शिवाप्पाला नाही. फक्त त्या जिवांना ठाऊक! आपण सगळे फसलो, टेम्पोवाला फसला नाही." मला आजवर एवढ्या प्रेमानं कुणी गाढव म्हटलेलं नाही.

पण अजून एक गोष्ट हवी होती. शुद्ध पाण्यातले खिळे काळे होतात, हे दाखवल्याशिवाय हसण्याला अर्थ नव्हता. दातार यायला बरोबर आठ दिवस होते आणि यंत्राला पाणी नव्हतं. मॅडमनी स्टाफच्या ग्रुपवर एक ओळ टाकली: *आज कुणाकडे नळ आलाय?*

आणि मग मी ते पाहिलं, जे सोलापुरातच होऊ शकतं. इथं पाणी मागणं म्हणजे दागिना मागण्यासारखं. पण ज्यांच्या डब्यांची अब्रू या बाईनं वर्षानुवर्षं घेतली होती, ते एकेक करून कॅन घेऊन आले. इतिहासाचे सर स्कूटरवर दोन घागरी घेऊन आले. मराठीच्या बाईंच्या गल्लीत त्याच सकाळी पाणी आलं होतं, त्यांनी मुलाच्या आंघोळीचं राखलेलं पाणी दिलं. प्राचार्यांच्या बंगल्यावरून पिंप आलं, "संगणकाला पाणी लागत नाही," अशी चिठ्ठी घेऊन. शिवाप्पा दिवसभर यंत्रातून बाहेर पडणारं गरम पाणी बादलीत धरून, निववून, पुन्हा ओतत बसले. एक थेंब वाया गेला नाही. संध्याकाळी बारा नव्या बाटल्या भरल्या, बुचं बसली.

दातार आले. टेबलावर तीन रांगा होत्या. मॅडमनी खुर्ची दिली फक्त. पहिली रांग, नायट्रेट घातलेली: पांढरे खिळे. दुसरी, शुद्ध पाण्याची, नायट्रेट नसलेली: बाराच्या बारा काळेकुट्ट, जणू तव्याचं बूड. दातारांनी मान हलवली. मग तिसरीकडे वळले. "ही?"

"ही आमच्या वाघमारेची चूक," मॅडम म्हणाल्या, आणि मला पुढे ढकललं. "सांग की."

मी सांगितलं. बोअर, टाकी, चोवीस पांढरे खिळे, सगळं. दातारांनी स्वतः पट्टी बुडवून पाहिली. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, घडी घालून परत ठेवला, नाकाला न लावता, आणि उभं राहून मॅडमना नमस्कार केला. "मॅडम, विहिरीवर चाचणी करूया. आणि ही चूक अहवालात सगळ्यात आधी लिहा."

मॅडमनी ती खरंच आधी लिहिली, माझ्या नावासकट. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी खोली एकवीसची किल्ली प्राचार्यांनी स्वतः माझ्या हातात ठेवली. संगणक दुसरीकडे बसले. मॅडमनी मला खिळ्यांची पुडी दिली, शंभर खिळे, एकेक निवडलेला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या महिन्यात. विहिरीवर आठ महिने नायट्रेट सोडून झालं होतं, आणि तिथल्या पाण्याची बाटली पार्सलनं आली. तिच्यात मॅडमनी आधीच पाठवलेला खिळा भरतानाच टाकलेला होता. त्याच विहिरीची मागची बाटली उघडली तेव्हा इतिहासाचा तास पुन्हा थांबला होता. मी मॅडमना फोन केला. त्या रिक्षानं आल्या, कॉलेजच्या दारातल्या पायऱ्या हळूहळू चढल्या, दारावरची पाटी आहे का पाहिली. माझा वर्ग बसला होता, वीस पोरं-पोरी, नाकं मुठीत धरून.

मॅडमनी कागदात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली आणि बूच काढलं. नाक जवळ नेलं. मोठा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"वास नाही," त्या म्हणाल्या.

अन् माझा अख्खा वर्ग उठला. बाकं सरकली, दप्तरं तशीच राहिली, वीसच्या वीस पोरं दाराबाहेर. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, उंबऱ्यापर्यंत गेलो होतो. कायदा म्हणजे कायदा.

मागे वळून पाहिलं, तर मॅडम एकट्याच स्टुलावर बसल्या होत्या. हसून हसून पदर तोंडाला लावलेला. अंगठी इतके महिने घरी राहून पांढरी झालेली. चिमट्यानं त्यांनी बाटलीतला खिळा बाहेर काढला, तळहातावर ठेवला आणि हात आमच्यापुढे धरला. खिळा पांढरा होता.

"अरे कुठं पळायलाव रे सगळे?" बागवान मॅडम ओरडल्या. "आज नाक मेलं नाही. आज ते मेलेत, उपाशी! या की आत, बसा!"